तिथं काही नाही

बँकेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली अकरा वर्षं सोनेतारण कर्जाच्या टेबलावर गेली. पाटल्या, बिलवर, गोठ, ठुश्या, बोरमाळा, मोहनमाळा... आमच्या पेठेतल्या निम्म्या गळ्यांची आणि मनगटांची वजनं मला पाठ होती. एकदा एक आजोबा सोन्याचा दात घेऊन आले. दात तारण म्हणून चालतो का, यावर वरच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार झाला. उत्तर येईपर्यंत आजोबांना लग्नाचं आमंत्रण आलं आणि दात पुन्हा तोंडात गेला. सांगायचं एवढंच की सोनं मी भरपूर पाहिलं. पण ते मुळात येतं कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कुणी विचारला असता तर ‘सासूकडून’ असं मी प्रामाणिकपणे सांगितलं असतं.

निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या माणसाचं जे होतं तेच माझं झालं. मुलगी बंगळुरूला, नातू बंगळुरूला, म्हणून आम्ही वर्षातले चार महिने बंगळुरूला. यंदा दसऱ्याच्या आधी गेलो तर जावयाचे आईवडीलही तिथं आलेले. दोन खोल्यांत दोन सासरं. पुरण गुळाचं की साखरेचं यावर स्वयंपाकघरात दोन विहिणींची अतिशय सभ्य लढाई चाललेली, आणि आम्ही दोघे व्याही बाल्कनीत, एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन बसलेले.

व्याही चंद्रपूरचे. कोळसा खाणीत ओव्हरमन होते. त्यांच्याकडे व्याह्याला ‘इवाई’ म्हणतात. हे मला लग्नात कळलं नव्हतं, त्यामुळे मांडवात कुणीतरी मला शिवी दिली असं समजून मी दोन तास फुगून बसलो होतो. माझा जन्म सोनं तोलण्यात गेला आणि त्यांचा कोळसा काढण्यात. त्यांना सोन्याचं काडीचं कौतुक नाही. “इवाई,” ते म्हणाले, “कोळसा जळते, त्याची वीज होते, तुमच्या डोक्यावरचा पंखा फिरते. सोनं काय करते? कपाटात बसून राहते.”

त्यांचा हा शेरा मला लागला. तेव्हाच मी जाहीर केलं की इथून शंभरेक किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत, उद्या आपण दोघं तिकडे जाऊ.

“बाबा, तिथं काही नाही,” जावई लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. “खाण २००१ सालीच बंद झाली.”

नातू मात्र उठून उभा राहिला. त्यानं ‘केजीएफ’ (म्हणजे हेच कोलार गोल्ड फील्ड्स) सिनेमाचे दोन्ही भाग पाहिलेत, काही प्रसंग तर आम्ही जेवत असताना करूनही दाखवलेत. आजोबा त्यातल्या रॉकीभाईच्या गावाला जाणार हे ऐकून त्याला माझ्याविषयी पहिल्यांदाच आदर वाटला. ही आतून म्हणाली, “सोन्याच्या गावाला चालला आहात, तर येताना कोथिंबीर तेवढी आणा.”

स्टेशनवर तिकीट काढताना खिडकीतल्या माणसानं दोन वयस्कर चेहरे पाहिले आणि विचारलं, कुणी आहे का तिथं? म्हटलं, नाही, नुसतं बघायला. “अल्ली एनू इल्ला सार,” तो म्हणाला. तिथं काही नाही, हे आता कानडीतूनही कळलं होतं.

सकाळच्या वेळी बंगळुरूकडून मारिकुप्पमकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. याचं कारण समोरून येणाऱ्या गाडीत दिसतं. तिच्या दारांना माणसं लोंबकळत होती. मुंबईची लोकल पाहिलेल्या माणसालाही ‘अरे वा’ म्हणावंसं वाटेल अशी ती गर्दी होती. ती सगळी केजीएफची माणसं. खाण बंद झाली तशी ती रोज पहाटे उठून बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री झोपायला परत येतात.

बंगारपेटला मुख्य मार्ग सोडून रुळांचा एक फाटा खाणींकडे वळतो. कानडीत ‘बंगार’ म्हणजे सोनं, तेव्हा नाव मोठं शोभतं. पण ते मूळचं बोवरिंगपेट, बोवरिंग नावाच्या कमिशनरसाहेबाचं. लोकांच्या तोंडात घोळून घोळून साहेबाचं सोनं झालं. पुढची स्टेशनं तर ऐकतच राहावीत अशी आहेत. एक ‘कोरोमंडल’. तिथं मी घाईघाईनं चपला घातल्या, कारण माझ्या समजुतीप्रमाणे कोरोमंडल ही गाडी होती, गाव नव्हे. मग ‘ऊरगाम’. मग चक्क ‘चॅम्पियन’. चॅम्पियनचं तिकीट अगदी थोडक्या रुपयांत मिळतं हे आमच्या क्रिकेट मंडळाला कळवलं पाहिजे. त्यानंतर मारिकुप्पम, आणि तिथं रूळ संपतात. रूळ संपणारं स्टेशन माणसाला जरा गंभीर करतं. व्याही उतरले, त्यांनी चारी दिशांना पाहिलं, नाकानं हवा ओढली आणि निकाल दिला, “खाणीचं गाव आहे.”

गावात शिरताच मला आपल्या घरी आल्यासारखं झालं, कारण इथंही पेठा आहेत. एक रॉबर्टसनपेठ आणि एक अँडरसनपेठ. सदाशिव, नारायण, शनिवार यांच्या रांगेत मी मनातल्या मनात रॉबर्टसनला बसवून पाहिलं. फारसं वावगं वाटलं नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायला रॉबर्टसनसाहेबाचीही हरकत नसावी.

स्टँडवर रिक्षा केली. चालक पन्नाशीचा, तमिळ बोलणारा. तेलुगू, कानडी, इंग्रजी आणि हिंदीही त्याला येत होती, आणि एका वाक्यात तो ती सगळी वापरत असे. “काय काय बघण्यासारखं आहे?” मी विचारलं. त्यानं हँडलवर दोन्ही हात ठेवून शांतपणे सांगितलं, “ओन्नुम इल्ला सार.” तमिळ मला येत नाही, पण हे वाक्य एव्हाना कुठल्याही भाषेत कळलं असतं.

आणि मग त्या माणसानं आम्हाला साडेपाच तास हिंडवलं.

पहिल्यांदा एक उंच लोखंडी मनोरा. त्याच्या माथ्यावर दोन प्रचंड चाकं, गंजून थिजलेली. याच चाकांवरून दोर जायचा आणि दोराला पाळणा. पाळण्यातून माणसं खाली. किती खाली? चॅम्पियन रीफ ही खाण ३.२ किलोमीटरच्या आसपास खोल गेली, जगातल्या अतिखोल खाणींत तिची गणना व्हायची. आपली कळसूबाई एकीवर एक अशी दोनदा ठेवून उलटी खाली सोडली, तर शेंडा जेमतेम तळाला टेकेल. एका दमात उतरता येत नसे, पाळणे बदलत टप्प्याटप्प्यानं जावं लागे. तळाशी खडकाचं तापमान साठ अंशांच्या वर. हे ऐकून मी घाम पुसला. व्याह्यांनी पुसला नाही. “साठ म्हणजे जास्तच आहे,” ते विचार करून म्हणाले, “पण आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात वरच अठ्ठेचाळीस राहते. पाळण्याचा खर्च वाचते.”

फाटकावर रखवालदार होता. आत जायला परवानगी नाही म्हणाला. मी बँकेतल्या आवाजात इंग्रजीतून विनंती केली, तिचा काही परिणाम झाला नाही. तेव्हा व्याह्यांनी खिशातून स्वतःचं जुनं, कडा झिजलेलं ओळखपत्र काढलं. कोळसा खाण, चंद्रपूर, पद ओव्हरमन. रखवालदारानं ते उलटसुलट पाहिलं आणि एकदम खुर्ची पुढे केली. एकच खुर्ची, व्याह्यांसाठी. त्याचे वडील या खाणीत होते, आजोबाही. पुढचा अर्धा तास दोन खाणमाणसं मोडक्या हिंदीत जे बोलली, ते ऐकून मला दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांची आठवण झाली.

“तुमच्याकडं गॅस?”

“मिथेन. तुमच्याकडं?”

“तो नाही. दगड फुटायचा.”

“छत पडायचं?”

“पडायचं नाही. फुटायचं. बॉम्बसारखं.”

“अरे बाप्पा.”

इतक्या खोलावर खडकावर वरच्या डोंगराएवढ्या दगडाचा दाब असतो. पोकळी केली की तो दाब कधीतरी एका क्षणात सुटतो आणि भिंतच्या भिंत उडते. त्याचा धक्का वर गावात जाणवायचा. घरातली मांडणीवरची भांडी वाजायची, रखवालदार म्हणाला. आपल्याकडे भांड्याला भांडं लागतं ते सासूसुनेचं. इथं भांडी वाजली की कामगारवस्तीतल्या सगळ्या बायका काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या आणि खाणीच्या दिशेला बघायच्या. यावर व्याही काही बोलले नाहीत. रखवालदारही नाही. मग चहा आला.

फाटक शेवटपर्यंत उघडलं नाही, पण निघताना रखवालदारानं व्याह्यांना सलाम केला. मला केला नाही. अकरा वर्षं मीही सोन्याचंच काम केलं होतं, असं मला सांगावंसं वाटलं, पण त्या दोघांच्या संभाषणात ते शोभलं नसतं.

खाणीच्या या सगळ्या प्रकाराला एक निवृत्त माणूस कारणीभूत आहे, हे मला फार आवडलं. तसं इथल्या मातीत सोनं आहे हे गावकऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. टिपू पडल्यावर म्हैसूरच्या सरहद्दीची मोजणी करायला जॉन वॉरन नावाचा लेफ्टनंट आला, त्यानं १८०२ मध्ये ते पाहिलं आणि १८०४ मध्ये लिहूनही ठेवलं. पण लिहून ठेवलेलं वाचायला निवृत्तीच लागते. मायकेल लव्हेल हा आयरिश शिपाई न्यूझीलंडमधली लढाई आटोपून बंगळुरूला निवांत राहायला आला होता. निवांतपणाचा त्याला लवकरच कंटाळा आला. त्यानं हे जुनं टिपण वाचलं, १८७१ मध्ये बैलगाडी केली आणि कोलारला आला. पुढे म्हैसूर सरकारकडून खोदायचा परवाना मिळवला. त्याच्या घरच्यांनीही ‘तिथं काही नाही’ असंच सांगितलं असणार. पैसा त्याला पुरला नाही. खरी खोदाई १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या विलायती कंपनीनं केली. आज बंगळुरूत लव्हेल रोड आहे. तिथं एक कॉफी घेतली की सोनं तारण ठेवावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट मला तिथं उभं राहिल्यावर आठवली आणि मराठी माणूस म्हणून पोटात खड्डा पडला. आदिलशाहीनं शहाजीराजांना बंगळुरूबरोबर कोलारचीही जहागीर दिली होती. म्हणजे हे सगळं आपल्याच अमलाखाली होतं! पायाखाली तीन किलोमीटरपर्यंत सोनं, आणि आपले कारकून वर बसून शेतसाऱ्याची पै न् पै लिहीत होते. व्याह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “इवाई, तेव्हा सापडलं असतं तर आदिलशहानं जहागीर परत घेतली असती. बरं झालं, काही केलं नाही.” याला म्हणतात खाणीतला अनुभव.

रिक्षा पुढे निघाली. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. या भागाला ‘लिटिल इंग्लंड’ म्हणत. हवा थंड, बंगल्यांना व्हरांडे, आणि वीज तर बंगळुरूच्याही आधी. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज जवळपास दीडशे किलोमीटर तारांवरून थेट इथं आणली, कारण पंप आणि पाळणे चालवायचे होते. बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले १९०५ मध्ये. “तीन वर्षं ते लोक अंधारात होते,” रिक्षावाला म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मला थोडा माज ऐकू आला. रोज बंगळुरूला नोकरीसाठी लोंबकळत जाणाऱ्या गावाला एवढा माज परवडतो.

बंगल्यांच्या पलीकडे कामगारांच्या लाइनी. बुटकी, एकाला एक चिकटलेली घरं, मैलोन्मैल. तमिळ मुलखातून, बहुतेक दलित वस्त्यांतून आलेली माणसं इथं राहिली. रिक्षावाल्याचं घर याच लाइनीत. वडिलांना मिळालेली खोली. तिला त्यानं पुढं एक पडवी काढली, मागं न्हाणीघर बांधलं, गच्चीवर तुळस ठेवली, पण खोली आपल्या नावावर होणार का, हा विषय निघाला की त्याची गाडी तिथंच अडकते. साडेपाच तासांत तो या विषयावर चार वेळा आला. सोन्याच्या विषयावर एकदाही आला नाही. मी आणायचा प्रयत्न केला, “तुमच्या वडिलांनी कधी सोनं पाहिलं का हो?” तो हसला. “दगड पाहिला सार. ट्रॉलीत भरला. सोनं वर गेल्यावर साहेब बघायचे.” एक टन दगड फोडून काही ग्रॅम सोनं निघायचं. ते दगडात डोळ्यांना दिसायचं नाही. आयुष्यभर सोन्याच्या खाणीत काम करून त्याच्या वडिलांनी सोनं पाहिलं ते बायकोच्या मंगळसूत्रात, आणि तेही अडचणीच्या वेळी कुठल्यातरी बँकेच्या टेबलावर. माझी नजर आपोआप रस्त्याकडे गेली.

चॅम्पियन रीफ्सच्या बाजूला रिक्षा एका बुद्धविहाराजवळ थांबली. रिक्षावाल्याला वाटलं आम्हाला पाणी प्यायचं असेल. पण व्याही उतरून थेट आत गेले. मद्रासचे पंडित अयोथी दास यांनी शाक्य बौद्ध संघाचं काम सुरू केलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्याची शाखा इथं मारिकुप्पमला निघाली. ती चालवली खाणकामगारांनी. नागपूरच्या दीक्षेआधी जवळपास पन्नास वर्षं. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, तेव्हा व्याह्यांचे वडील त्या गर्दीत होते. मला हे सहा वर्षांच्या सोयरिकीत माहीत नव्हतं. पुरण गुळाचं की साखरेचं एवढंच माहीत होतं. व्याही बऱ्याच वेळानं बाहेर आले. “इथं काही नाही म्हणे,” एवढंच पुटपुटले आणि रिक्षात बसले.

आता ढिगारे. सिनेमात जे राखाडी, ओसाड, उन्हात चकाकणारे डोंगर दिसतात ना, ते हेच. चित्रीकरण इथंच झालं. डोंगर म्हणायचे, पण डोंगर नव्हेत. दगडाचं पीठ करायचं, त्यात सायनाइडचं पाणी घालायचं, सोनं त्यात विरघळलं की काढून घ्यायचं आणि राहिलेला चोथा बाहेर ओतायचा. असं शंभरावर वर्षं चाललं, तेव्हा तीन कोटी टनांच्या वर चोथा जमला. पावसानं त्याला घळी पडल्यात, इतक्या सुरेख की कुणी डोंगररांग कोरून ठेवली असावी. लोक इथं येऊन लग्नाआधीचे फोटो काढतात. सायनाइडच्या ढिगाऱ्यावर उभं राहून एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. संसाराची इतकी प्रामाणिक पूर्वतयारी मी दुसरीकडे पाहिली नाही.

वारा सुटला की ही पूड उडते. दोरीवरचे कपडे, भात, डोळे, छाती, सगळीकडे जाते. रिक्षावाल्यानं आम्हाला लांबूनच दाखवलं, वर चढू दिलं नाही. “हीरोला मास्क असतो सार, कॅमेऱ्यात दिसत नाही,” असं त्याचं म्हणणं. या चोथ्यात अजून थोडं सोनं आहे, टनामागे एखादा ग्रॅमही नाही, पण ढीगच एवढा की ते पुन्हा गाळून काढायचं का, याची चर्चा वर्षानुवर्षं चालते. “मग काढणार का?” मी विचारलं. “पेपरात काढतात,” तो म्हणाला.

परतताना त्यानं हातानं एका दिशेला दाखवून सहज सांगितलं की तिकडे खाली बॉम्बेचे शास्त्रज्ञ बसायचे. त्याचे वडील घरी येऊन हसायचे, की ही शिकलेली माणसं सोन्याच्या खाणीत उतरतात आणि सोनं सोडून भलतंच काहीतरी शोधतात. ही गोष्ट खरी आहे. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं, एम. जी. के. मेनन वगैरे, जपानी आणि इंग्रज शास्त्रज्ञांबरोबर इथं सव्वादोन किलोमीटर खाली उपकरणं लावून बसली होती. आकाशातून येणारे इतर कण वरच्या दगडात अडकून पडतात. न्यूट्रिनो मात्र सहसा कशातही अडकत नाही, सरळ पृथ्वीच्या आरपार जातो. म्हणून त्याला पकडायचं तर खोल खाण हवी. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची खूण जगात पहिल्यांदा पटली त्या १९६५ सालच्या प्रयोगांपैकी एक इथला.

सोनेतारणाच्या दृष्टीनं मी न्यूट्रिनोचा विचार करून पाहिला. रंग नाही, वजन जवळपास नाही, तिजोरीत ठेवला तर तिजोरीतून, शाखेतून आणि शाखाधिकाऱ्यातून पार निघून जाणार. असं कर्ज मी मंजूर केलं नसतं. पण मला खरं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ‘तिथं काही नाही’ म्हणून सगळे ज्या गावाला हात झटकतात, त्या गावानं जवळजवळ काहीच नसलेली वस्तू शोधून दाखवली होती.

खाण बंद झाली २८ फेब्रुवारी २००१ ला. तारीख राष्ट्रीय विज्ञान दिनाची, हा निव्वळ योगायोग. तोवर १८८० पासून सुमारे ८०० टन सोनं निघालं होतं. आधी साहेबांची कंपनी, १९५६ पासून सरकार, १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स. दगडातलं सोनं कमी होत गेलं, खोली वाढत गेली, आणि एक तोळा काढायचा खर्च बाजारभावाच्या कितीतरी वर गेला. त्या साली सोनं दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आत होतं. हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरतोय, कारण त्याच साली हिनं पाटल्या करू या म्हणून हट्ट धरला होता आणि मी ‘भाव अजून उतरेल’ असा तज्ज्ञ सल्ला दिला होता. खाणीचं चुकलं की नाही ते मी सांगू शकत नाही. माझं चुकलं.

खाण बंद झाल्यावर काय होतं ते व्याह्यांनी सांगितलं. “पहिले पंप बंद होते. पंप बंद झाला की पाणी चढते. मग झालं.” तसंच झालंय. ती तीन किलोमीटरची सगळी भुयारं, ते टप्पे, ते पाळणे, जिथं शास्त्रज्ञ बसायचे ती जागा, सगळं आता पाण्याखाली आहे.

शेवटी रिक्षावाल्याला पैसे विचारले. त्यानं जे सांगितले ते पुण्यात स्टेशनपासून घरापर्यंतही पुरले नसते. व्याह्यांनी त्यात भर घातली, मीही घातली, त्यानं दोन्ही भरी परत केल्या, मग दोन्ही पुन्हा त्याच्या खिशात कोंबल्या, अशी दाक्षिण्याची एक झटापट झाली. “काही नाही काही नाही म्हणून एवढं दाखवलंत,” मी म्हटलं. तो मनापासून गोंधळला. “हे तर आमचंच आहे सार. तुम्ही खाणीबद्दल विचारलं ना? खाण नाही.”

बंगारपेटला गाडी बदलायची होती, हाताशी पाऊण तास होता. इथली पाणीपुरी प्रसिद्ध आहे, कारण तिचं पाणी रंगहीन असतं. पुदिना नाही, चिंच नाही, हिरवं नाही, लाल नाही. नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. पुरीत ओतताना व्याह्यांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, “यात तर काही नाही.” मग खाल्ली. त्यानंतर दोन मिनिटं ते बोलू शकले नाहीत, डोळ्यांतून धारा लागल्या. नागपूर-चंद्रपूरच्या तिखटावर वाढलेला माणूस! मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना पाणी दिलं आणि सोयरिकीत थोडी बरोबरी झाली. नंतर त्यांनी आणखी दोन प्लेट घेतल्या.

आम्ही खात असतानाच बंगळुरूहून आलेली गाडी फलाटाला लागली. सकाळी लोंबकळत गेलेली तीच माणसं. कुणाच्या गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, कुणाच्या हातात रिकामे डबे, काही मुली दारात उभ्या राहून पेंगत होत्या. रिक्षावाल्याचा मुलगाही यातच कुठंतरी असणार. त्यानं सांगितलं होतं, पहाटे निघतो, रात्री येतो, रविवारी तोंड दिसतं.

घरी पोचलो. नातवानं दार उघडताच विचारलं, “रॉकीभाई भेटले?” मी म्हटलं, नाही, ते नुकतेच लोकलनं गेले. कोथिंबीर आणायची राहिली होती. त्यावरून जे काही ऐकावं लागलं ते दोन्ही विहिणींकडून एका सुरात. साखर आणि गूळ यांच्यात पहिल्यांदाच समेट झाला.

तुम्ही बंगळुरूला मुलांकडे जाल तेव्हा एक दिवस काढून केजीएफला जरूर जा. ढिगाऱ्यांवर मात्र चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. सकाळची गाडी धरा, जागा मिळते. संध्याकाळी बंगळुरूहून तिकडे जाणाऱ्या गाडीत चढायची वेळ आलीच, तर कृपा करून उभेच राहा. बसायची जागा त्या माणसांना द्या, त्यांना शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं असतं.